दोनशे फेम्टोसेकंदांत काय घडतं, ते कसं मोजतात?

रात्रीच्या मंद उजेडात आपल्याला दिसतं ते डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनामुळे. त्याच्या आत रेटिनल हा वाकलेला रेणू बसलेला असतो. जीवनसत्त्व ‘अ’पासून तयार होणारा. प्रकाश पडला की तो सरळ होतो. हे २०० फेम्टोसेकंदांत उरकतं, असं बर्कलीतल्या शास्त्रज्ञांनी १९९१मध्ये दाखवलं. सेकंदाचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख. तो एक फेम्टोसेकंद.

सुरुवात नमुन्यापासून. प्रथिन बहुधा गाईगुरांच्या डोळ्यांतून काढतात, तेही मंद लाल दिव्यात. कुणी चुकून ट्यूबलाइट लावली, तर रेणू प्रयोगाआधीच सरळ होऊन बसतात.

मग लेसरचे अतिशय आखूड झोत, म्हणजे पल्स, दोन वाटांनी पाठवतात. पहिला ‘पंप’ ५०० नॅनोमीटरचा, हिरवट. तो रेणूला चेतवतो. मागून येणारा ‘प्रोब’ कोणता रंग किती शोषला जातोय ते तपासतो.

दोघांमधलं अंतर मोजायला घड्याळ नसतं, असतो सरकता आरसा. तो १५ मायक्रॉन मागे नेला, की जाऊन-येऊन ३० मायक्रॉनची वाट वाढते आणि प्रोब १०० फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. मला या सगळ्या खटाटोपात हीच युक्ती सर्वांत देखणी वाटते.

प्रत्येक अंतराला पंपासह आणि पंपाविना मोजून फरक काढायचा. ५०० नॅनोमीटरपाशी शोषण घटतं, ५७०च्या आसपास नवं उगवतं. ती सरळ झालेल्या रेणूची खूण.

फरक इवलासा असतो, म्हणून पंपाची ताकद वाढवायचा मोह होतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. एकाच रेणूला दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) मिळाले, तर डोळ्यात कधी न घडणारी गोष्ट आपण मोजत बसतो. ताकद अर्धी करून पाहावी. संकेतही अर्धा झाला तर ठीक.

दुसरी गफलत शून्य वेळेची. दोन्ही पल्स एकत्र पडताना नुसतं पाणी आणि काचसुद्धा संकेत देतात. तेव्हा प्रथिनाविना एकदा मोजून ठेवावं. शिवाय काचेतून लाल रंग निळ्याच्या आधी निसटतो, म्हणून प्रत्येक रंगाचा शून्य वेगळा काढावा लागतो.

तिसरी, नमुना शिळा होण्याची. गाईचं ऱ्होडॉप्सिन आपोआप पूर्ववत होत नाही, त्यामुळे दर पल्सला ताजा नमुना लागतो. मिठागरातल्या सूक्ष्मजीवांचं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन साधारण १० मिलिसेकंदांत मूळपदाला येतं. शिकताना तेच सोयीचं. पण लेसर सेकंदाला हजार पल्स देत असेल, तर मध्ये एकच मिलिसेकंद मिळतो. तेव्हा तेही वाहतं ठेवावं लागतं.