जुन्नरास अडलेला रशियन व्यापारी

कंधार गांवांत हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. ‘सय्याह’ ह्या अरबी शब्दाचा अर्थ देशोदेशीं हिंडणारा, फिरस्ता, असा आहे, हें दर्ग्यास जाणाऱ्यांपैकीं थोड्यांच्याच ध्यानीं असेल. ज्या गांवानें एका फिरस्त्याला कायमचें आपलें करून ठेवलें, त्या गांवापासून परमुलखांतील एका प्रवाशाच्या हकीगतीस आरंभ करणें अप्रस्तुत होणार नाहीं. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळचा मानतात. पंधराव्या शतकांत तो बहामनी राज्यांत होता, आणि त्या राज्याची राजधानी बीदर तेथून दक्षिणेस, सरळ रेषेंत मोजल्यास, सत्तर मैलांच्या आसपास आहे. त्या काळीं ह्या मुलखांत इराण, खोरासान, अरबस्तान इकडून येणाऱ्या माणसांची रीघ लागलेली असे. दरबारांत त्यांना ‘आफाकी’ म्हणत आणि येथल्यांना ‘दखनी’. ह्या दोन पक्षांच्या वैरानें पुढें तें राज्यच आंतून पोखरलें गेलें. परंतु इ. स. १४७० च्या सुमारास ह्या गर्दींत असा एक माणूस येऊन पडला, कीं ज्याला ह्यांपैकीं कोणताच पक्ष आपला म्हणणारा नव्हता. अफानासी निकितिन हें त्याचें नांव.

तो रशियांतील व्होल्गाकांठच्या त्वेर शहरचा व्यापारी. हिंदुस्थानास जावें असा त्याचा मुळींच बेत नव्हता. कास्पियन समुद्राच्या पश्चिमेस शिरवान म्हणून राज्य होतें, तेथें माल विकून परतावें, एवढाच त्याचा विचार. पण वाटेंत आस्त्राखानजवळ तार्तरांनीं गांठून लुटलें. माल गेला, आणि बरोबरचे धर्मग्रंथही गेले. सोबत्यांपैकीं ज्यांचें घरीं कांहीं शिल्लक होतें ते माघारी फिरले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतें ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन दुसऱ्या वर्गांतला असावा. बाकू, इराण असें करीत तो होर्मुझ बंदरास पोहोंचला, आणि तेथें त्यानें एक उमदा घोडा घेतला. तो घोडा हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागेपर्यंत त्याला शंभर रुबल पडले.

घोडाच कां, हें समजून घेतल्याखेरीज पुढील प्रसंग नीट उमगावयाचा नाहीं. दक्षिणेंतील सुलतान काय किंवा विजयनगरचे राजे काय, सर्वांचें बळ घोडदळावर. आणि मोठ्या हाडापेराचा लढाऊ घोडा येथें फारसा निपजत नसे. तो इराणी आखातांतून जहाजांत घालून चौल, दाभोळ, गोवा ह्या बंदरांत आणावा लागे. वाटेंत कित्येक मरत. जो जिवंत उतरे त्याची किंमत अर्थातच भारी. बीदर प्रांतीं आळंद येथें शेख अल्लाउद्दीनाच्या नांवें जत्रा भरे, तींत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असें निकितिनानें लिहून ठेविलें आहे. हा आंकडा सढळ हातानें लिहिलेला असेलही. पण व्यापार केवढा होता तें त्यावरून कळतें. घोड्यांस येथें हरभरे चारतात, साखर घालून खिचडी शिजवितात आणि तूपही घालतात, हेंही तो मोठ्या नवलानें नोंदतो. त्वेरच्या माणसास हा थाट पाहून आपल्या घरच्या जेवणाची आठवण झाली असेल तर नवल नाहीं!

चौलास उतरल्यावर तो जेथें जाई तेथें गोऱ्या माणसाला पाहण्यासाठीं लोकांचा घोळका मागें लागे. लोकांचे उघडे अंग, उघडें डोकें आणि एका वेणींत बांधलेले केस पाहून तोही तितकाच चकित झाला होता. मजल दरमजल करीत तो जुन्नरास आला. तोंच पावसाळा लागला, आणि चार महिने रात्रंदिवस पाऊस व चिखल. अशा चिखलांत तो जुन्नरासच अडकून पडला.

जुन्नरचा अधिकारी होता असदखान. त्याच्या कानीं घोड्याची वार्ता गेली आणि त्यानें घोडा नेला. घोड्याचा धनी मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे हें कळतांच त्यानें निकितिनास पेंच घातला. मुसलमानी धर्म स्वीकारलास तर घोडाही परत मिळेल आणि वर एक हजार सोन्याचीं नाणीं. नाहीं तर घोडाही जाईल आणि उलट तेवढींच नाणीं तुझ्याकडूनच वसूल होतील. विचारास मुदत चार दिवसांची.

ह्या चार दिवसांत निकितिनाची अवस्था काय झाली असेल? तो परमुलखांत, भर पावसांत, ओळखीचें माणूस एकही नाहीं, भांडवल सारें त्या एका घोड्यांत. ‘हो’ म्हटलें तर श्रीमंती पदरांत पडत होती. पण मग कोणत्या तोंडानें त्वेरास परतावयाचें? त्यानें ‘हो’ म्हटलें नाहीं. आणि मुदत संपत आली तेव्हां, ऑगस्ट महिन्यांतील ख्रिस्ताच्या एका सणाच्या दिवशीं, महंमद नांवाचा एक खोरासानी गृहस्थ तेथें आला. निकितिनानें त्याचे पाय धरले. तो गृहस्थ खानाकडे गेला, रदबदली केली, निकितिनावरील धर्मांतराचें संकट टाळलें आणि घोडाही सोडवून आणला. निकितिन ह्याला देवाचा चमत्कार म्हणतो. त्या खोरासान्यानें हें कां केलें तें मात्र त्यानें लिहिलेलें नाहीं. तोही ह्या मुलखांत परकाच होता, हें येथें विसरून चालणार नाहीं. खानानें छळलें तें धर्माच्या नांवानें, आणि सोडविलें तेंही त्याच धर्माच्या माणसानें.

जुन्नराहून महिनाभर चालून तो बीदरास आला, आणि घोडा अखेर तेथें विकला. पण तोंवर घोड्याच्या पोटावर इतका खर्च झाला होता, कीं नफ्याची गोष्टच बोलावयास नको. रशियाच्या उपयोगाचा मालही त्याला दिसेना. मिरीं आणि रंग स्वस्त, पण जकाती फार आणि समुद्रावर चांच्यांचा सुळसुळाट.

ह्या मुलखांत वावरतांना त्यानें ‘ख्वाजा यूसुफ खोरासानी’ असें नांव घेतलें होतें. ह्या नांवाखालीं तो बीदरच्या बाजारांत निर्धास्त फिरूं शके. पण त्याचा हिंदु लोकांशीं परिचय वाढला, आणि हे लोक मुसलमानांपासून आपलें अन्नपाणी आडबाजूस ठेवतात हें त्याला दिसलें. तेव्हां त्यानें त्यांना खरें नांव सांगून टाकलें. आपण मुसलमान नव्हे, ख्रिस्ती आहों आणि आपलें नांव अफानासी, हें कळतांच त्या लोकांनीं त्याच्यापासून जेवण, व्यापार, पूजा, घरांतील बायकामाणसें, कांहींच लपविलें नाहीं. खोट्या नांवानें त्याला रस्ते मोकळे झाले होते. घरांचे दरवाजे उघडले ते खऱ्या नांवानें. शिवरात्रीस हीच मंडळी त्याला ‘पर्वता’स, म्हणजे श्रीशैलास, घेऊन गेली. तेथील काळ्या दगडाचा, सोन्यानें मढविलेला प्रचंड नंदी, त्याच्या खुरांचें चुंबन घेणारे यात्रेकरू, अंगावर वाहिलेलीं फुलें, हें सर्व त्यानें जवळ उभें राहून पाहिलें.

त्याच सुमारास बीदरच्या गादीचा सर्वांत मोठा वजीर महमूद गवान हाही एक परकाच होता. इराणांतील गिलान प्रांताचा हा मनुष्य १४५३ सालीं व्यापारी म्हणूनच दक्षिणेंत आला आणि ‘मलिक-उत्-तुज्जार’, व्यापाऱ्यांचा राजा, ह्या पदवीस चढला. १४७२ त त्यानें बांधलेल्या मदरशाचे अवशेष बीदरास आजही उभे आहेत. १४८१ त एका बनावट पत्राच्या पुराव्यावर सुलतानानें त्याचें मस्तक उडविलें.

निकितिनाचें दुःख निराळें होतें. ग्रंथ लुटले गेल्यामुळें ईस्टर कधीं, उपास कधीं, ह्याचा हिशेबच त्याला लागेना. तारे पाहून तो अंदाज बांधी. शेवटीं भोवतालच्यांचा रमजान आला तेव्हां तोही त्यांच्याबरोबर उपास करी. हिंदुस्थानास यावयाचें असेल तर आपला धर्म रशियांतच ठेवून या, असा उपरोधिक सल्ला त्यानें देशबांधवांसाठीं लिहून ठेविला आहे. आणि हा सल्ला त्यानें स्वतः पाळला नाहीं.

तो दाभोळाहून जहाजानें निघाला, होर्मुझ व काळ्या समुद्राच्या वाटेनें काफा बंदरास पोहोंचला, पण स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनीं १४७५ सालीं मॉस्कोस नेऊन राजाच्या चिटणिसाच्या हवालीं केल्या. त्यांचा शेवट एका प्रार्थनेनें होतो. लिपी रशियन आहे, शब्द बहुतेक अरबी आहेत, आणि त्यांत ईश्वराचीं नांवें एकामागून एक लिहिलेलीं आहेत.