अभिस्तराचा संरक्षक अडथळा

अभिस्तराचा संरक्षक अडथळा म्हणजे शरीराचा बाह्य पृष्ठभाग आणि आतील पोकळ्या यांवर पसरलेल्या अभिस्तर ऊतींची दुहेरी क्षमता. या ऊती जीवाणू, विषारी द्रव्ये व अन्य बाह्य पदार्थ शरीरात शिरू देत नाहीत, तसेच शरीरातील पाणी व क्षार टिकवून धरतात. त्वचा, श्वसनमार्ग, पचनमार्ग आणि डोळ्यांचा दर्शनी पडदा ही या अडथळ्याची प्रमुख स्थाने होत. हा अडथळा अभेद्य नसून निवडक असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या वेळी शेतकरी व शेतमजुरांना झालेली विषबाधा ही या निवडकपणाची महाराष्ट्रातील सर्वांत ठळक आणि दुःखद घटना मानता येईल.

रचना

अभिस्तर पेशी एकमेकींना चिकटून सलग थर तयार करतात. शेजारच्या दोन पेशींमधील फट प्रथिनांच्या घट्ट संधींनी मिटवलेली असते. या संधींमधील क्लॉडिन नावाच्या प्रथिनांचा शोध जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये लावला. आतड्यात पेशींचा एकच थर असतो. त्यावर श्लेष्म्याचे आवरण असते आणि त्यातील पेशी तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. फुप्फुसांतील वायुकोशांची भिंत त्याहूनही पातळ असते. तेथे हवा आणि रक्त यांच्यातील अंतर १ मायक्रोमीटरपेक्षाही कमी भरते. प्राणवायूसाठी ही सोय आवश्यक आहे. पण तीच विषारी बाष्पालाही वाट देते.

त्वचेचा भार मुख्यतः सर्वांत वरच्या शृंगस्तरावर असतो. हा थर शरीराच्या बहुतेक भागांवर केवळ १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. केराटिनने भरलेल्या मृत पेशी या त्याच्या विटा, तर सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा त्यांच्यामधील चुना, असे वर्णन केले जाते. हा चुना स्निग्ध असल्यामुळे पाणी आणि जंतू बाहेर राहतात. मात्र लहान रेणूंची, मेदात विरघळणारी द्रव्ये त्याच स्निग्ध थरातून आत झिरपतात. कापसावर वापरले जाणारे प्रोफेनोफॉस हे या वर्गातील कीटकनाशक आहे.

त्वचेची रोधकता सर्वत्र सारखी नसते. अमेरिकेत पॅराथिऑन या कीटकनाशकाचे मानवी त्वचेतून होणारे शोषण मोजण्यात आले. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, हाताच्या पुढील भागाच्या तुलनेत काखेतून सुमारे सातपट, तर वृषणकोशाच्या त्वचेतून सुमारे बारापट शोषण होते. पाठीवरच्या पंपातून गळणारे द्रावण कमरेवरून खाली ओघळते आणि नेमके अशाच भागांत साचते.

यवतमाळमधील विषबाधा

जुलै ते ऑक्टोबर २०१७ या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झालेले शेकडो रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकी अनेकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले. वीस किंवा त्याहून अधिक जणांचा मृत्यू झाला. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट व डायफेन्थियुरॉनसह काही कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातील कापूसपट्ट्यात तात्पुरती बंदी घालण्यात आली.

या रुग्णांनी विष प्राशन केले नव्हते. विष पोटात गेले तरच घातक, ही समजूत सर्वदूर आहे आणि तीच येथे महागात पडली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी किंवा त्याहून उंच वाढली होती. त्यामुळे फवारा वरच्या दिशेने मारावा लागे आणि त्याचे तुषार तोंडावर, डोळ्यांत व छातीवर परत पडत. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांतून बारीक तुषार जलद गतीने बाहेर पडत. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात. उकाड्यामुळे घाम येई आणि ओलसर, रक्तपुरवठा वाढलेल्या त्वचेतून शोषण अधिक होई. भिजलेला सदरा तर विषाचा ओला बोळा अंगाला तासन्‌तास बांधून ठेवल्यासारखाच. निंदणीत हातांना पडलेले ओरखडे आणि भेगा या जागी शृंगस्तर आधीच फाटलेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल मोठे थेंब काही अंशी अडवतो. परंतु बाष्प अडवत नाही. तो स्वतः भिजला की उलट द्रव्य नाकाजवळ धरून ठेवतो.

अनेक कीटकनाशके त्वचेतून जाताना आग किंवा वेदना होत नाही. त्यामुळे काम करणाऱ्याला धोक्याची सूचना मिळत नाही.

सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील द्रव्ये रक्तात पोहोचल्यावर ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे कार्य थांबवतात. परिणामी लाळ व घाम सुटणे, बाहुल्या आकुंचन पावणे, उलट्या, स्नायूंचे स्फुरण आणि अखेरीस श्वसन बंद पडणे ही लक्षणे दिसतात.

अडथळा दुबळा होणे

काही आजारांत मूळ दोष अडथळ्यातच असतो. फिलॅग्रिन या त्वचेतील प्रथिनाच्या जनुकातील बदल ॲटोपिक त्वचादाहाचा धोका वाढवतात, हे २००६ मध्ये दिसून आले. अशा त्वचेतून पाणी लवकर उडून जाते आणि अधिहर्षता निर्माण करणारे पदार्थ सहज आत येतात. अपमार्जके, तंबाखूचा धूर व हवेतील सूक्ष्म कण यांमुळे अभिस्तर सैल होतो आणि त्यातून दमा व अन्नाची अधिहर्षता वाढते, असा सिद्धान्त सेझ्मी अकदिस यांनी मांडला आहे. तो अद्याप चर्चेत आहे.

याउलट, निरोगी अभिस्तरही काही पदार्थांपुढे निरुपाय असतो. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. जठरातील आम्लात त्याचे हायड्रोजन फ्लोराइड बनते. त्याचा लहान, विद्युतभाररहित रेणू पेशीपटलातून सहज पार होतो. तेथे उपाय पाण्यावरच करावा लागतो.

विषबाधेतील प्रथमोपचार

मेदविद्राव्य द्रव्य शृंगस्तरात साठून राहते आणि फवारणी थांबल्यानंतरही रक्तात उतरत असते. ॲट्रोपिनसारखी औषधे विषाचे परिणाम आवरतात. मात्र हा पुरवठा तोडत नाहीत. म्हणून रुग्णाला त्वरित रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था करतानाच त्याचे सर्व भिजलेले कपडे काढून केस, काखा, जांघा व नखांसह अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुतले जाते. केवळ पाण्याने स्निग्ध द्रव्य नीट निघत नाही, आणि जोराने घासल्यास त्वचा सोलवटून शोषण वाढते. डोळे साध्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे लागतात. मदत करणाऱ्यानेही रबरी हातमोजे घालणे आवश्यक असते, कारण काढलेल्या कपड्यांतील द्रव्य त्याच्याही त्वचेतून आत जाऊ शकते.