तार तुटते तेव्हा

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मालवणच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. माड तारांवर कोसळले, खांब मोडले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. ‘वीज कधी येणार?’ हाच प्रश्न तेव्हा सर्वांच्या तोंडी होता. वीज वेळीच जाते म्हणूनच माणसे वाचतात, ही त्या अंधाराची दुसरी बाजू आम्ही येथे मांडू इच्छितो.

वीजकेंद्रातील वीज उच्च दाबाने उपकेंद्रात येते आणि तेथून ११ हजार व्होल्टच्या फीडरवरून गावोगावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, की प्रवाह एकाएकी अनेक पटींनी वाढतो. रिले हे उपकरण तो ओळखते व सर्किट ब्रेकरला आज्ञा देते. क्षणार्धात तेवढी शाखा तोडली जाते. दोषाच्या सर्वांत जवळचे उपकरण आधी उघडावे, ते चुकल्यास त्याच्या मागचे, अशी वेळांची उतरंड ठरलेली असते. त्यामुळे एका वाडीतील दोष तालुक्याला अंधारात लोटत नाही आणि वीजकेंद्रातील जनित्रेही सुरक्षित राहतात.

परंतु कोरड्या वाळूवर वा जांभ्यावर पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह फार थोडा असतो. रिलेला तो कळेलच असे नाही. म्हणून पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असेच समजावे.

पूर्वी वीज एकाच दिशेने येत असे. आता छपरावरील सौर संचही तारेत वीज सोडतात. फीडर बंद होताच अशा संचाचा इन्व्हर्टर आपोआप थांबलाच पाहिजे. जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडला, तर त्याची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलट चढून ११ हजार व्होल्टची होते आणि बंद समजलेल्या तारेवर काम करणाऱ्याचा प्राण घेते. यासाठीच लाइनमनने कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडून घ्यावयाची असते.

१९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला, तो देशाचे दारिद्र्य हटावे म्हणून. ती वीज घरोघरी पोहोचविणारे हात कष्टकऱ्यांचे आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी लाइनमन. अंधारात जनरेटर सुरू करण्यापूर्वी चेंजओव्हर स्विच पाहावा. खांबावर कोणाचा तरी मुलगा चढलेला असतो.