चटका न देणारे ऊन

भोपाळहून सांचीकडे निघाले की सलामतपूरच्या अलीकडे रस्त्यावर कर्कवृत्ताची रेघ लागते. शहर तिच्यापासून फार लांब नाही, म्हणून २१ जूनच्या सुमारास भर दुपारी भोपाळमध्ये सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. पण नेमके त्याच दिवसांत आभाळ भरून येते आणि स्कूटरवाल्या मुलींचे स्कार्फ उतरतात. ढग आले म्हणजे काळजी मिटली, असे नसते. अंगाला चटका जाणवतो तो उष्णतेचा. अतिनील किरण जाणवतच नाहीत, आणि पातळ ढगांतून ते बऱ्यापैकी खाली पोचतात.

‘भाजतात ते गोरे लोक, आपल्या कातडीला काय होतंय?’ हा समज जास्त चिवट आहे. त्यात निम्मे तथ्य आहे. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन खरोखरच संरक्षण देते आणि सुरकुत्या उशिरा येतात. मात्र आपल्याकडे त्वचेचे वय आधी रंगात दिसते: गालांवर वांग, कपाळाचा काळपटपणा, कुठे गडद तर कुठे फिका वर्ण. शिवाय नुकसान व्हायला भाजावेच लागते असेही नाही. मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले, की त्वचा लाल करायलाही अपुऱ्या पडणाऱ्या किरणांमुळे त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन तोडणारी विकरे वाढतात. मात्रा वाढली की दाह सुरू होतो. पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांची विकरे त्वचेला लवचीक ठेवणारे इलॅस्टिनचे धागेही कापतात. दुरुस्ती होते, पण पहिल्यासारखी नाही. हे वर्षानुवर्षे चालते. दाहाचे संदेश रंगपेशींपर्यंतही जातात, म्हणून पुरळ बरे झाले तरी डाग मागे राहतो.

डागांवर लिंबू चोळून उन्हात जाणे तर टाळलेच पाहिजे. सालीतली व रसातली काही द्रव्ये उन्हाच्या संगतीने त्वचेचा दाह करतात. कधी फोड येतात, आणि नंतरचे काळे चट्टे महिनोन्महिने हटत नाहीत.

गाडीत बसलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. शिकागोच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला होता. खिडकीकडचा डावा गाल खोल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा मात्र कितीतरी तरुण! अतिनील किरणांच्या दोन प्रकारांपैकी साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरेचसे आत सोडते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा जपायचा तो उजवा गाल आणि उजवा हात.

‘आता या वयात काय उपयोग?’ असे चाळिशीतली मंडळी विचारतात. उपयोग आहे. ऑस्ट्रेलियातल्या नँबोर येथे ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी वयस्क झाली. घेताना नुसता एसपीएफचा आकडा पाहू नये, कारण तो मुख्यतः यूव्हीबीचा असतो. यूव्हीएसाठी डबीवर ‘पीए’पुढची अधिक चिन्हे मोजावीत. वांग असेल तर लोह ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन घ्यावे, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो.