भाव ठरतो कुणाच्या माहितीवर?

जबलपूर जिल्ह्यातील कुंडम हा गोंड आदिवासींची मोठी वस्ती असलेला तालुका. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुले वेचायची, वाळवायची आणि विकायची, हा या भागातील अनेक कुटुंबांचा जोडधंदा. फुले किती सुकली आहेत, हे विकणाऱ्या बाईला ठाऊक असते. शहरात काय भाव चालू आहे, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. प्रत्येकाकडे एकेक गुपित आणि सौदा होतो तो या गुपितांच्या आधारे!

मागणी आणि पुरवठा जुळला की भाव स्थिरावतो, असे आपण शाळेत शिकतो. पण एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसेल तर?

चांगला माल घरीच

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली याचे उत्तर दिले. मालाची पारख होत नसेल, तर गिऱ्हाईक फसण्याच्या भीतीने मधलाच भाव देते. तो भाव चांगल्या मालाला परवडत नाही. मग चांगला माल बाजारात येईनासा होतो आणि निकृष्ट तेवढा उरतो. तांदळातले खडे निवडत बसणाऱ्या भारतीय गृहिणीचा दाखलाही त्यांनी आपल्या लेखात दिला होता! २००१ साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पुरस्कार मिळाला.

रुमालाखालची बोटे

व्यापारीही एकमेकांपासून माहिती लपवतात. एकाने चढी बोली लावली, की दुसरा ओळखतो, याला काहीतरी खबर लागलेली दिसते! म्हणूनच पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. शेतकरी समोर उभा असूनही त्याला काही कळत नसे. उघड लिलावाचे महत्त्व यातच आहे.

भाव कळला, मग?

मध्य प्रदेशच्याच सोयाबीन पट्ट्यात २००० सालापासून आयटीसी कंपनीने गावोगावी 'ई-चौपाल' ही संगणक केंद्रे उघडली. शेतकऱ्यांना घरबसल्या भाव कळू लागले आणि कंपनी स्वतःही माल घेऊ लागली. अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यामुळे मंडईतील सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्क्यांनी वाढला. वाढ लहान दिसते, पण ती मंडईत माल नेणाऱ्यांनाही मिळाली.

मात्र भाव कळणे पुरेसे नाही. दुसरीकडे विकायची सोय असेल, तरच 'नाही' म्हणता येते. मोह विकणारीलाही हेच लागू. चार जणींनी मिळून माल नीट सुकवावा, दोन ठिकाणी भाव विचारावा आणि मगच काटा लावू द्यावा.