तेराशे पानांचा ‘बोन’

जेफ स्मिथ या अमेरिकन व्यंगचित्रकारांची ‘बोन’ ही चित्रकथा १९९१ ते २००४ अशी तेरा वर्षं, ५५ अंकांत चालली. सगळे अंक एकत्र बांधले तेव्हा तेराशेहून अधिक पानांचा ठोकळा तयार झाला. आज तिकडच्या शाळांच्या ग्रंथालयांत तिचे खंड हातोहात फिरतात. स्मिथ यांनी मात्र ती मुलांसाठी म्हणून काढलेली नव्हती, आणि मुलांना ती आवडण्याचं मोठं कारण तेच असावं.

स्मिथ वाढले ओहायोतल्या कोलंबस शहरात. गुळगुळीत, पांढराफटक, मोठ्या नाकाचा फोन बोन ते पाच वर्षांचे असल्यापासून काढत होते. कार्ल बार्क्सचा अंकल स्क्रूज आणि वॉल्ट केलीचा ‘पोगो’ ही त्यांची आवडती दैवतं. स्क्रूजची साहसं काही पानांतच संपतात. ती जाडजूड कादंबरीएवढी असती तर, ही हौस त्यांच्या मनातून कधी गेली नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ‘लँटर्न’ या दैनिकात त्यांनी ‘थॉर्न’ ही चित्रमालिका चालवली. पुढे १९८६ साली भागीदारांसोबत ॲनिमेशनचा स्टुडिओ काढला.

‘बोन’चा पहिला अंक त्यांनी स्वतःच्या ‘कार्टून बुक्स’तर्फे काढला. लवकरच पत्नी विजया अय्यर नोकरी सोडून या धंद्यात उतरल्या. स्मिथ यांनी काढायचं आणि विजयांनी व्यवहार बघायचा, अशी वाटणी झाली. बाहेरचा मालक नसल्यामुळे हक्क घरातच राहिले आणि गोष्ट कुठे संपवायची, हेही घरातच ठरलं.

गोष्टीची सुरुवात अगदी हलकीफुलकी. बोनव्हिल या गावातून हाकलला गेलेला लबाड फोनी, त्याच्यासोबत निघालेले फोन बोन आणि आणखी एक असे त्याचे दोन चुलतभाऊ, मग वाट चुकून एका अनोळखी दरीत येणं. तिथे थॉर्न ही मुलगी भेटते आणि गाईंशी शर्यत लावून धावणारी तिची आजीही. हळूहळू ड्रॅगन, जुनं राजघराणं आणि युद्ध उलगडत जातं. विनोद मात्र सुटत नाही. हातातोंडाशी आलेली शिकार क्विशमध्ये घालून भाजायची की कच्ची खायची, यावरून दोन उंदीरराक्षस भांडत बसतात. फोन बोन ‘मोबी डिक’ वाचायला लागला की ऐकणारे घोरू लागतात.

स्मिथ यांची खरी ताकद वेळ साधण्यात आहे. दरीत पहिला बर्फ भुरभुरत येत नाही. सगळाच्या सगळा एका दणक्यात कोसळतो. हा विनोद शब्दांत सांगून जमत नाही. आधीची चौकट किती शांत ठेवायची आणि पुढची कधी आणायची, यावर तो उभा आहे. ही जाण ॲनिमेशनच्या टेबलावर पक्की झालेली दिसते. बोनच्या अंगावर छटा नाहीत, चेहऱ्यावर मोजक्या रेषा. पण भोवतालचं जंगल कुंचल्याच्या दाट काळ्या शाईत, पानापानाच्या तपशिलासकट. त्यामुळे अक्षरं नीट न जुळणाऱ्या वाचकालाही कोण घाबरलंय, कोण थापा मारतोय, ते कळतं.

निकेलोडिअन या मुलांच्या वाहिनीशी चित्रपटाची बोलणी झाली तेव्हा वाहिनीला बोन मंडळींसाठी लहान मुलांचे आवाज आणि जोडीला पॉप गाणी हवी होती. स्मिथ यांना ते पटलं नाही. चित्रपट झाला नाही. मुलांपर्यंतची वाट ग्रंथपालांनी केली. २००२ साली अमेरिकन ग्रंथपालांच्या अटलांटातल्या अधिवेशनाआधी ग्राफिक कादंबऱ्यांवर खास सत्र झालं, त्यातल्या वक्त्यांत स्मिथ होते. २००५ साली स्कोलॅस्टिकने ‘ग्राफिक्स’ ही मुलांच्या चित्रकादंबऱ्यांची शाखा काढली ती ‘बोन’पासूनच. स्टीव्ह हमाकर यांनी रंग भरले, मूळ रेषा तशाच राहिल्या. २०१० साली रैना टेल्गेमायर यांचं ‘स्माइल’ आलं ते याच शाखेतून. मोठ्यांच्या भुवयाही उंचावल्या: २०१३ साली सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांच्या अमेरिकन यादीत ‘बोन’ होतं.

खास चिमुकल्यांसाठी स्मिथ यांनी २००९ साली ‘लिटल माऊस गेट्स रेडी’ काढलं. उंदराचं पिल्लू एकेक बटण लावत, धडपडत कपडे घालतं आणि शेवटी आई येऊन विचारते की उंदीर कधी कपडे घालतात का! पानं मोजकी, पण विनोदाचा ठोका बर्फासारखाच आधी दाबून धरलेला. वाचकाचं वय बदललं म्हणून स्मिथ यांनी पुस्तकाची लांबी कमी केली, कसब नाही.