दारातील कुत्रे आणि उसातील बिबट्या

महाभारताच्या शांतिपर्वात एका तपोवनातील कुत्र्याची कथा आहे. मुनींच्या आश्रमी कंदमुळे खाऊन राहावे आणि त्यांच्या मागेपुढे हिंडावे, एवढेच त्या कुत्र्याचे जिणे. एके दिवशी भुकेलेला द्वीपी, म्हणजे आपण ज्यास बिबट्या म्हणतो तो, त्याच्यावर चालून आला. कुत्रा मुनींस शरण गेला, तेव्हा त्यांनी तपोबळाने त्यासच बिबट्याचे रूप दिले. पुढे वाघ, हत्ती, सिंह अशी रूपे पावून तो उपकारकर्त्यावरच उलटला आणि पुन्हा कुत्रा झाला, हा कथाभाग बहुतेकांस ठाऊक असतो. हितोपदेशातील उंदराची गोष्ट याच जातीची. भीष्मांनी ही कथा राजास सेवकांची पारख शिकविण्यासाठी सांगितली. पण तिच्या आरंभीचा प्रसंग आम्हांस आज निराळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. बिबट्या कुत्र्याच्या वासावर माणसाच्या वस्तीपर्यंत येतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस चांगली माहीत होती. मुनींचे तपोबळ मात्र आपल्यापाशी नाही. आपल्या हाती आहे ती दाराची कडी; आणि ती वेळेवर लागत नाही, हेच या लेखाचे प्रयोजन होय.

हातकणंगल्याच्या आसपास आता जिकडे पाहावे तिकडे ऊस दिसतो. वारणा आणि पंचगंगा यांच्या पाण्याने ही समृद्धी आणली, आणि तिच्याच जोडीने बिबट्यास बारमाही आडोसाही दिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. त्यात सावली आहे, जवळ पाणी आहे, रानडुकरे आहेत, आणि बांधापलीकडे वस्तीवरील कुत्री आहेत. अशा जागी बिबट्याची मादी पिले घालते आणि ती पिले ऊस हेच आपले रान समजून वाढतात. पश्चिमेस चांदोली व राधानगरीची अरण्ये आहेत. त्यांतून उतरलेल्या नद्यांच्या काठची झाडी हा या जनावराचा आडमार्ग. इकडे नव्या घरांचे प्लॉट उसाच्या बांधास येऊन टेकले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द कोल्हापूर शहरात, नागाळा पार्कासारख्या गजबजलेल्या भागात, भरदिवसा बिबट्या शिरला व जेरबंद होण्यापूर्वी त्याने माणसे जखमी केली. तेव्हा ‘आमच्या गल्लीत कुठला बिबट्या?’ असे म्हणण्याचे दिवस गेले, हे मान्य केलेले बरे.

या जनावराच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथे, उसाच्या प्रदेशात, विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे भक्ष्य कोणते हे शोधून काढले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार, वजनाच्या हिशेबाने भक्ष्याचा ८७ टक्के भाग माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा होता. आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. शेळीचा वाटा त्याहून पुष्कळच कमी. याचा अर्थ उघड आहे. गोठ्यातल्या शेळीस आपण रात्री कोंडतो. कुत्र्यास मात्र राखणीसाठी म्हणून उघड्यावर ठेवतो. ज्यास आपण पहारेकरी समजतो, तोच बिबट्याचे ताट होतो.

मोठ्या गावठी कुत्र्याची ही कथा, तर हल्ली घरोघर दिसणाऱ्या पॉमेरियन, डॅशहुंड, पग अशा चिमुकल्या जातींची काय सांगावी! पाच-सात किलोंचे कुत्रे कोठे, आणि पन्नास-साठ किलोंचा पूर्ण वाढलेला नर कोठे! बिबट्या दबा धरून येतो, मान अथवा गळा धरतो आणि भक्ष्य तोंडात घेऊन कुंपणावरून निघून जातो. पुष्कळदा भुंकण्याचाही आवाज होत नाही. हिमालयातील गद्दी धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो याचसाठी. परंतु तो उपाय धिप्पाड मेंढरकुत्र्यांचा. लहान कुत्र्यास बिबट्या कमरेस धरूनही सहज उचलील.

मग करावे काय? ‘पकडून दूर सोडा’ ही मागणी सर्वांच्या तोंडी असते. जुन्नर भागात २००१ पासून हाच प्रयोग झाला. पकडलेले बिबटे दूरच्या रानांत सोडण्यात आले. परिणामी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरे येते. विष घालणे, फास लावणे, कुंपणात वीज सोडणे हे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गंभीर गुन्हे आहेत. शिवाय त्यांत आपलीच गुरे आणि आपलीच माणसे बळी पडतात. म्हणून घरच्या मंडळींनी घरी करावयाच्या गोष्टींकडेच वळणे इष्ट.

पहिली व सर्वांत मोठी गोष्ट ही, की दिवेलागणीपासून सूर्योदयापर्यंत लहान कुत्रे बंद दाराच्या आत असावे. अंगण म्हणजे आत नव्हे, आणि उघडी ओसरीही आत नव्हे. सात-आठ फुटांची भिंत बिबट्यास अडवीत नाही. अंगणात दिवा लावावा, पण त्यावर विसंबू नये. दिव्याची त्यास लवकरच सवय होते.

दुसरी गोष्ट साखळीची. साखळीने बांधलेल्या कुत्र्यास पळता येत नाही, लपता येत नाही. बाहेर ठेवणे अपरिहार्यच असेल, तर घराच्या भिंतीस लागून लहानसे दालन करावे. त्यास चारही बाजूंनी जाड सळ्यांची जाळी असावी, वर भक्कम छप्पर असावे, खाली फरशी असावी आणि दारास पक्की कडी असावी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी येथे कुचकामाची. जाळीची भोके एवढी बारीक हवीत की पंजा आत शिरू नये.

तिसरी गोष्ट रात्रीच्या फेरीची. झोपण्यापूर्वी कुत्र्यास बाहेर न्यावयाचे ते दोरीने धरून, हाती बॅटरी व काठी घेऊन, मोठ्याने बोलत. आणि हे काम प्रौढ माणसाने करावे, मुलांवर सोपवू नये. उसाच्या कडेला वाकून वा उकिडवे बसू नये, कारण बसलेला माणूस त्या जनावरास लहान प्राण्यासारखा दिसतो. तोडणी सुरू झाली म्हणजे आडोसा मोडतो व बिबटे हलतात. त्या काळात तर अधिकच जपावे. उसात पिले सापडल्यास मुलांनी त्यांस हात लावू नये. आई जवळच असते.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. आपल्याकडे पंगत उठली की पत्रावळी गल्लीच्या टोकाला पडतात. तेथे भटकी कुत्री व डुकरे जमतात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा धनी येतो. श्वानास बळी घालण्याचा आपला धर्म आहे, पण तो उकिरडा वाढवून पाळला जात नाही.

पाचवी गोष्ट औषधाची. कुत्र्यास दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. बिबट्या, कोल्हा अथवा लांडगा यांच्या तावडीतून ते वाचले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. ज्याचा हात त्या जखमेस वा लाळेस लागला असेल त्याने साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे हात धुवावा व डॉक्टरांस विचारावे. बिबट्या दिसलाच तर पाठलाग करू नये, गर्दी करू नये. मुले व कुत्री आत घेऊन वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

येथे आमच्या वाचकांच्या घरांतील खरी अडचण उभी राहते. ‘कुत्रे घरात? स्वयंपाकघर कोठे, देवघर कोठे!’ असे आजी अथवा काकू म्हणतात, आणि त्यांचे सोवळे ही थट्टेची गोष्ट नव्हे. पण दार आणि देवघर यांच्या मध्ये पुष्कळ जागा असते. जिन्याखाली, पडवीच्या बंद खोलीत अथवा न्हाणीघराच्या बोळात एक गोणपाट टाकले, तर सोवळ्यास बाध येत नाही. स्वर्गाच्या दारी उभा असताना, सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून आत जाण्यास धर्मराजाने नकार दिला होता. आपणांस तर केवळ एक बोळ द्यावयाचा आहे. तेवढीही जागा देणे ज्या घरास शक्य नसेल, त्याने नातवंडांच्या हट्टापायी पिलू आणूच नये. ज्यास आपण भाकरीची सवय लावली, त्यास रात्री दार दाखविणे हा न्याय नव्हे.

शिवाय प्रश्न एकट्या कुत्र्याचा नाही. कुत्र्यासाठी अंगणात येण्याची सवय झालेल्या बिबट्यास पहाटे त्याच अंगणात एखादे मूल भेटू शकते. पुणे व नाशिक जिल्ह्यांतील कित्येक घरांनी हे दुःख भोगले आहे. म्हणून कुत्र्यास आत घेणे हे लेकरांचेही रक्षण आहे, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

एकत्र कुटुंबात आणखी एक धोका असतो. थोरल्याला वाटते धाकट्याने कुत्रे आत घेतले असेल, धाकट्याला वाटते वहिनींनी घेतले असेल. आणि सकाळी अंगणात केवळ पट्टा सापडतो. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे. याकरिता रोजच्या कडीचा भार एकाच माणसावर नाव घेऊन सोपवावा. तो परगावी गेला तर दुसऱ्याचे नाव त्याच दिवशी ठरावे. देवापाशी दिवा लागला की कुत्रे आत, असा घराचा नेम पडला म्हणजे तो मोडावयाचे कोणाच्या मनातही येत नाही.